लामुनताईची उलटी फेरी

— खांद्यातून, अहो, खांद्यातून! कोपरातून काय झुलवताय? हात झुलवायचेत साहेब, माश्या नाही हाकलायच्या. हं, असं. पुढे जातील तेवढे जाऊ द्यायचे, जोर लावायचा तो मागे नेताना. माझ्याकडे बघा. एकसष्ट वर्षांची बाई आहे मी, बघा कसे जातायत. आणि पायाचे अंगठे जमिनीत रुतवायचे — पण ते रुतणार कसे? तळ्यावर फिरायला ऑफिसचे काळे बूट घालून कोणी येतं का? आज पहिलाच दिवस ना? कळतं हो, लगेच कळतं. खिशातून डॉक्टरांचा कागद अर्धा बाहेर डोकावतोय. न वाचताच सांगते काय लिहिलंय त्यावर. झोप नाही, छातीत धडधड, रिपोर्ट सगळे चांगले, रोज पंचेचाळीस मिनिटं चाला, टेन्शन घेऊ नका. बरोबर? बघा! 'टेन्शन घेऊ नका' म्हणे — जसं काही आपण बाजारात जाऊन पिशवी भरभरून आणतो! तुला 'तू' म्हटलं तर चालेल ना रे? माझ्या भाच्याएवढा असशील, आणि मला ते अहो-जाहो फार वेळ झेपत नाही. मी प्राफाय. प्राफायमावशी म्हण, सगळं नाखोन सावन गाव म्हणतं. अरे, उठू नकोस, बस! इथून उठायचंच नाही आत्ता. बसूनसुद्धा झुलवता येतात. उभ्यानं पाचशे, बसून सातशे. माझे झाले — एकशे बारा, एकशे तेरा...

हसतोस काय? मीही अशीच हसले होते. आई आजारी होती तेव्हाची गोष्ट, तिच्या शेवटच्या वर्षातली. भर दुपारी बाजारात माझं काळीज असं धडधडायला लागलं की मला वाटलं, आटोपली प्राफाय. कोथिंबिरीच्या ढिगावरच बसले बदकन. सहा बायका धावत आल्या आणि सहाजणींनी आपापल्या हुंगायच्या कापराच्या नळ्या माझ्या नाकात कोंबल्या — एका नाकाला भोकं असतात किती! मग दवाखाना. तिथं डॉक्टरीण कोण, तर एवढीशी पोर, केसांत सशाची पिन. म्हणाली, मावशी, हृदय ठणठणीत आहे तुमचं, काळजी करता ती फार. चाला, हात झुलवा, मीठ-साखर कमी करा, नऊला झोपा. झालं, एवढंच! मला तर रागच आला. मी मरायला टेकलेय आणि ही मला हात हलवायला सांगतेय. पण केलं हं सगळं. मी कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाही, तोच माझा खरा रोग आहे. फिश सॉसची बाटली शेजारणीला देऊन टाकली, पांढरा भात बंद, साखर बंद, नऊच्या ठोक्याला मच्छरदाणीत. आणि तीन आठवड्यांत झोप! अशी झोप, की सकाळी उठून माझी मलाच शरम वाटली. बीपी एकशे सत्तरवरून एकशे सव्वीस. मला वाटलं, सापडली, सगळ्याची किल्ली सापडली! आणि एकदा किल्ली सापडली की माणूस दिसेल त्या कुलपाला लावून बघतो की नाही? मी लावली. कोळशावर भाजलेल्या डुकराच्या मटणाच्या काड्या लोकांच्या हातातून काढून घ्यायची मी. पोस्टमनला उन्हात उभं करून शंभर हात झुलवायला लावले, त्याच्या पिशवीसकट. लोक मला लांबून बघून गल्ली बदलायचे. खरंच सांगते. आणि मी त्यांच्या मागे धावायची, कारण धावणंही तब्येतीला चांगलं!

किती वाजले? तुझ्या त्या घड्याळात बघ ना, त्यात हृदयाचे ठोके दिसतात म्हणे, वेळही दिसत असेलच. पाच एकेचाळीस? वा. वा वा वा. अजून एकोणीस मिनिटं. नाही, काही नाही. मी कशाला घाबरू? हे हात थरथरत नाहीयेत, झुलतायत. एकशे चाळीस. की एकशे तीस? जाऊ दे, एकशे तीसपासून धरू, मी स्वतःला फसवत नाही.

बरं, तू मघाशी बघितलंस मला. बघितलंसच, लपवू नकोस. या विलायती शिरीषाच्या मागे लपले होते मी, पाच मिनिटांपूर्वी, हा डबा पोटाशी धरून, आणि तू माझ्याकडे असं बघितलंस जसं काही बाई दवाखान्यातून पळून आलीय. आता सांगते का लपले ते. ती बघ, तिकडे, तळ्याच्या पलीकडे, कमळांच्या बाजूला — जांभळी टोपी दिसली? सगळे लोक एकीकडे चालतायत आणि एकच टोपी समोरून येणाऱ्यांच्या अंगावर चाललीय, दिसली? ती माझी बहीण. लामुनताई. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, बोलण्यात माझ्या शंभरपट कमी. आणि उलटी ती नाही हं, तिला विचारशील तर आख्खं गाव उलटं चालतंय. नगरपालिकेनं रस्त्यावर बाण काढलेत ना, डाव्या अंगानं फेरी मारायची म्हणून? ताई म्हणते, डाव्या अंगानं फिरतात ते मढं घेऊन, चितेभोवती, तीनदा. जिवंत माणसानं स्वतःच्या पायांनी रोज संध्याकाळी मढ्याची फेरी मारायची, हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलं? म्हणून ती उजव्या अंगानं. पळणारी पोरं येऊन आदळतात, सायकलवाले घंट्या वाजवतात, ही ढिम्म. नाकात सदानकदा ती कापराची नळी आणि पिशवीत माशांसाठी पाव. तळ्याच्या मध्ये हा पूल आहे ना, आपल्या पाठीमागे येऊन उतरतो तो, त्यावरून अर्धी फेरी वाचते, पण ताईनं त्यावर आजवर पाऊल ठेवलेलं नाही. अर्धी फेरी म्हणजे लबाडी. पाच बाराला या झेंड्याच्या खांबापासून निघते, एका फेरीला चोवीस मिनिटं, पाच छत्तीसला इथून गेली — तेव्हाच मी झाडामागे होते — आणि बरोब्बर सहाला परत इथे येणार. या बाकासमोर. घड्याळ लावून घ्यावं.

सहालाच का? हं! आता तू शहाण्यासारखं विचारलंस. तू सहा वाजता असतोस कुठे एरवी? ऑफिसात. तुला नाही कळायचं मग. इथे सहाला राष्ट्रगीत लागलं की ही सगळी जत्रा जागच्या जागी पुतळा. पळणारा पळता पळता, आईस्क्रीमवाला आईस्क्रीम काढता काढता. मिनिटभर, थोडं जास्तच. हलायचं नाही, वळायचं नाही, आणि मुख्य म्हणजे फोन कानाला लावायचा नाही! कारण ताई मला लांबून बघते ना, की फोन काढून कानाला लावते आणि माझ्या बाजूनं निघून जाते, 'हो, हो, बरं' करत. तो फोन बंद असतो रे. मी ओळखते, तिला फोन धड उचलता येत नाही, करणार कुठून? घरी गेले तर ती मागच्या दारानं बाजारात, बाजारात गेले तर पुढच्या दारानं घरी. पावणेतीन वर्षं झाली. पावणेतीन वर्षं माझी सख्खी बहीण माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. म्हणून माझ्या डोक्यात आलं — राष्ट्रगीत! त्या मिनिटाला ती माझ्या समोरासमोर आली, तर जाईल कुठे? उभं राहावंच लागेल. माझ्या तोंडाकडे बघावंच लागेल. आणि बाई देशाला मानणारी आहे, तोंड फिरवायची नाही.

दोन महिने प्रयत्न करतेय मी. हसू नकोस, दोन चालत्या माणसांचं गणित आहे ते! मी डावीकडून, ती उजवीकडून, मी कागदावर मांडायची, आज सव्वा फेरी मारायची, उद्या पाऊण. आणि ती मध्येच माशांना पाव टाकायला थांबली की सगळं गणित तळ्यात. एकदा राष्ट्रगीताला माझ्या समोर कोण, तर नारळाचा आईस्क्रीमवाला. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघतोय, त्याच्या हातातून आईस्क्रीम माझ्या बुटावर टप टप, आणि दोघांनाही हलता येत नाही! दुसऱ्या दिवसापासून तो मला 'काय मावशी, आज भेट कुठे' म्हणायला लागला. एकदा तर शौचालयाच्या पाटीसमोर. एकदा मात्र जमलं होतं. दहा पावलांवर होती. पण पाठमोरी, पाव टाकायला वळली आणि त्याच क्षणी गाणं लागलं. मिनिटभर मी तिचा अंबाडा बघत उभी. पांढरा झालाय रे. अगदी पांढरा. मला कोणी सांगितलंच नव्हतं. गाणं संपलं, ती गेली, आणि मी त्या दिवशी हात झुलवायचे विसरले.

मग मला परवा सुचलं, इतकं सोपं, की मी आंघोळ करता करता ओरडले. अगं प्राफाय, तू चालतेसच कशाला? तू बस! ती घड्याळासारखी येते, तू खांबाजवळ बसून राहा, सहाला उभी राहा, झालं! एवढं सुचायला दोन महिने. आणि चालून चालून माझं वजन तेवढं चार किलोनं उतरलं. पण एकटी बसले असते तर तिला संशय आला असता — प्राफाय आणि एकटी गप्प बसलीय? काहीतरी डाव आहे, म्हणून वळली असती. कोणाशी तरी बडबडताना दिसले पाहिजे, नेहमीसारखी. म्हणून तू. नाही नाही, वाईट वाटून घेऊ नकोस, तुझी तब्येतही महत्त्वाचीच आहे! झुलव, झुलव तू. थांबलास की धडधडतं. आणि त्या डब्याला हात नको. बघितलं मी, वास घेतलास. बुआलॉय आहे त्यात, तांदळाच्या पिठाच्या गोळ्या, नारळाच्या दुधात. आज पहाटे केल्या. आईला जाऊन आज तीन वर्षं झाली ना, सकाळी विहारात भंतेंना दिल्या, आईच्या नावानं पाणी सोडलं, आणि एवढ्या राखून ठेवल्या ताईसाठी. माझा बेत ऐक. गाणं सुरू होताना झाकण उघडून ठेवायचं, वारा तळ्याकडून आहे, वास थेट तिच्या नाकात — नळी असली तरी जाईल, ताडगुळाचा वास आहे तो. ताईनं जन्मभर तेच केलं. बाजारात आमचं गोडाचं दुकान होतं, ती बनवायची, मी बोलायची. ती म्हणायची, प्राफाय, तोंड मीट, गोळ्यांत थुंकी उडेल. आईही तेच म्हणायची. प्राफाय, तोंड मीट. घरात मला दुसरं कोणी काही म्हटल्याचं मला आठवतच नाही.

भांडण? भांडण कुठे, मी म्हणते भांडण तरी व्हायला हवं होतं. सांगते. आईचा शंभरावा दिवस. नऊ भंते जेवायला, शंभर माणूस. ताईला सकाळपासून दहा कामं, तिनं मोठ्या पातेल्यात गोळ्या सोडल्या आणि मला म्हणाली, ताडगूळ तू घाल, मी जरा लोकांकडे बघते. एवढंच. ताडगूळ मोजून ठेवलेला होता, टोपलीत. आता मला सांग, नऊ भंतेंपैकी पाच जणांना शुगर. मोठ्या भंतेंच्या पायाला जखम, भरत नव्हती. लोक पुण्याच्या नावाखाली त्यांना रोज गोड घालतात आणि ते बिचारे नाही म्हणू शकत नाहीत, पात्रात पडेल ते खायचं. आणि माझ्या हातात किल्ली! मी पाव टोपली घातला. पाऊण टोपली ओट्याखाली ढकलली. मला वाटलं, मी केवढं पुण्य करतेय, पाच माणसांचे पाय वाचवतेय. भंतेंनी खाल्लं. काही बोलले नाहीत, बोलत नसतात. मोठ्या भंतेंनी एक चमचा घेतला, जरा थांबले, आणि पाणी प्यायले. मग मंत्र झाले, आम्ही दोघी बहिणींनी एका भांड्याला हात लावून पाणी सोडलं — आई, हे तुला पोचो. आणि ते झाल्यावर, सगळं झाल्यावर, उरलेलं आपण खातो ना, तेव्हा ताईनं चमचा तोंडात घातला.

तिला वाटलं आधी, की आपली जीभ गेली. दुसरा चमचा घेतला. मग ओट्याखालची टोपली दिसली. ओरडली नाही. ओरडत नाही ती. शंभर माणसांसमोर एवढंच म्हणाली, 'पाणी सोडून झालं, प्राफाय. आईला अगोड पोचलं.' आता बोल! तू शिकलेला आहेस, ऑफिसात बसतोस, तू म्हणशील पोचत-बिचत काही नाही. मीही एखादवेळी म्हणते. पण पाणी सोडलं होतं रे. ते परत उचलून आणता येतं का? आणि आई कोण, तर बाजारातली सगळ्यात गोडखाऊ बाई. कॉफीत कॉफी दिसायची नाही तिच्या, नुसतं आटवलेलं दूध.

परत मागे काय बघतोयस? मघापासून बघतेय, तुझी नजर माझ्या खांद्यावरून मागे जातेय. कुत्रा आहे ना? लाल, एका कानाचा? काही करत नाही तो, त्याला डब्याचा वास आलाय. हाड! — बघ, तू झुलवायचा थांबलास. दोनशे दहा. आणि डोळे का मोठे करतोस असे? काही गेलं का डोळ्यांत? चोळू नकोस, पाण्यानं धू नंतर. काय म्हणत होते मी? हां, ताई. लोकांना वाटतं ताई त्या पातेल्यामुळे बोलत नाही. ताईलाही तसंच वाटतं. तेवढंच असतं ना, तर मी केव्हाच तिच्या दारात जाऊन लोळण घेतली असती, चुकलं म्हटलं असतं, मला काय लाज? पण मला तिच्यासमोर तोंड उघडायचीच भीती वाटते. म्हणून तर राष्ट्रगीत! बोलायची परवानगीच नाही, केवढी सोय! नुसतं बघायचं. कारण मी बोलले ना, की दुसरंही निघेल. मला माझं तोंड माहितीये, एक गोष्ट काढायला गेलं की दहा येतात.

हा कापराचा वास कुठून येतोय? तू लावलंयस का काही? नाही? मग मलाच वाटलं.

ते जाऊ दे. नाही, सांगते. तू काय, उठून जाशील, परत भेटायचा नाहीस. तुझं नावही मी विचारलेलं नाही. आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ताईनं वाटी पाठवली होती. बुआलॉयची, आल्याचा रस घालून, जसं आईला आवडायचं तसं. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, शुगर तीनशेच्या वर, आणि तिचं सगळं माझ्या हातात — वेळा, गोळ्या, तक्ता भिंतीवर लावलेला, रंगीत पेन्सिलींनी. मीच शहाणी ना. आईनं वाटी बघितली आणि तिचं तोंड असं झालं, लहान पोरासारखं. म्हणाली, एक चमचा. मी म्हटलं, नाही आई. म्हणाली, अर्धा तरी, प्राफाय. अर्धा. मी म्हटलं, उद्या सकाळी शुगर तपासू, कमी आली तर देते. एवढी हुशार मी. वाटी जाळीच्या कपाटात ठेवली आणि नऊला झोपले. छान झोपले रे, तेच तर. सकाळी आई नव्हती.

ताई धावत आली, रडत नव्हती, पहिला प्रश्न काय विचारला तिनं? 'वाटी खाल्ली का तिनं?' आणि मी म्हटलं, खाल्ली. सगळी खाल्ली, वाटी चाटली. वाटी तोवर मी धुऊन ठेवली होती. मग ताई रडली, जरा बरं वाटल्यासारखी. आणि शंभराव्या दिवशी, ते अगोड झाल्यावर, जाता जाता ती म्हणाली, 'जिवंतपणी तरी माझ्या हातचं खाऊन गेली.' तेवढ्यावर ती जगतेय रे. आणि ते खोटं आहे. आता मी माफी मागायची ती कशाची? पातेल्याची मागितली तर वाटीची राहते, आणि वाटीची मागितली तर तिच्याजवळचं होतं नव्हतं तेही जातं. पाचशे हात रोज झुलवते मी. बीपी उतरलं, झोप आली, गुडघे सुधारले, तळपायाची आग गेली. हे एक मात्र कितीही झुलवलं तरी जागचं हलत नाही.

अगं बाई, मी काय हे! तुझं टेन्शन घालवायला बसले आणि तुझ्या डोळ्यांत पाणी. पूस, पूस. हे बघ, हसायचं. हसण्यानं पोटाला व्यायाम होतो. किती वाजले? पाच अठ्ठावन्न! अठ्ठावन्न? आणि मी बोलत काय बसले! टोपी कुठे? ताईची टोपी कुठे गेली? आता कमळांवरून निघून होड्यांच्या धक्क्यापाशी असायला हवी होती — नाही. शौचालयामागे? नाही. तिथे पिवळी टोपी आहे, ती बँकेवाली. थांब, नीट बघू दे. माझे आई, आजच कशी नाही! रोज येते, दोन महिने रोज, तापातसुद्धा आली होती, आणि आज मी पूर्ण टोपली ताडगूळ घातला, वर एक मूठ, आणि आज — घसरून पडली तर नाही? उलटी चालते ना, एखादा सायकलवाला धडकला तर — तू बघ, तुझी नजर तरुण आहे, जांभळी टोपी, बघ ना! मागे काय बोट दाखवतोस, मागे पूल आहे, पुलावरून ती मेली तरी — ऐक, माईक लागला. ती एरोबिक्सवाली 'हॅलो, एक दोन' करतेय. आता मिनिटभरात. झाकण, झाकण उघडायचंय, का उघडू आता, कोणासाठी? उघडते. राहू दे उघडं. वारा तरी नेईल कुठेतरी. तीनशे एक, तीनशे दोन. ऊठ, ऊठ, लागलंच बघ, सरळ उभा राहा, हात खाली —

—

— झालं. बस आता. नाहीच आली. बघितलंस ना, माझं नशीब असं. समोर कोण होतं या खेपेला? कोणी नाही, नुसतं तळं. असू दे. उद्या परत बसेन, तू येशील ना उद्या, साधे बूट घालून ये. पण तू राष्ट्रगीताला असा मान वाकडी करून उभा राहिलास, झेंडा इकडे आणि तू तिकडे, कोणी शिकवलं नाही का तुला — काय? मागे काय आहे एवढं? कुत्राच आहे तो, मी सांगते —

ताई.

कधीपासून उभी आहेस?

टोपी हातात का धरलीयस? आणि तू — तू पुलावरून आलीस? तू? अर्धी फेरी टाकून? मला बघून आलीस की... नाही, सांगू नकोस. तू ऐकलंस. वाटीचं ऐकलंस ना? सगळंच ऐकलंस, नळी नाकाला लावायचीसुद्धा विसरलीयस. ताई, मी — ती वाटी मी — नाही, तू बोल. शिव्या दे. तुला येत नाहीत, पण दे काहीतरी. नाहीतर फोन लाव कानाला आणि जा, मी अडवणार नाही, देवाशपथ, आज मी मागे धावणार — बसतेस? बस. बस ना. सरक रे तू जरा. हो, तुझ्यासाठीच आहे डबा. सकाळी आईला दिला त्यातलाच. तुझ्याच मापानं केलाय, टोपलीभर, आल्याचा रस घालून. चमचा आतच आहे. खा. कसं झालंय? ताई, काहीतरी म्हण गं. चमचा भरून नुसती बघत काय बसलीस? मला का दाखवतेस? मी नाही खात, तुला माहितीये, चार वर्षांत साखरेचा कण नाही, माझं बीपी — काय? काय म्हणालीस?

ऐकलंस रे? पावणेतीन वर्षांनी माझी बहीण माझ्याशी बोलली, आणि काय बोलली? 'तोंड उघड'! मला! या तोंडाला जन्मभर 'मीट, मीट' करत आली, आणि आज —

तू ऊठ. तू अजून इथे काय करतोयस? जा, पंचेचाळीस मिनिटं लिहिलीत ना कागदावर, बूट काढ, हातात घे आणि चालायला लाग. कुठूनही चाल, डावीकडून, उजवीकडून, माझं काही म्हणणं नाही. मागे वळून बघायचं नाही. — हो गं ताई, उघडते, ओरडू नकोस. थोडंसं हं. अर्धाच चमचा. अर्धा — बरं. बरं. दे सगळा. आ —